धावत्या रेणूंवर सोन्याची खूण

पेशीतला एखादा रेणू कुठून कुठे गेला हे पाहायचे, तर आधी त्याला खूण बांधावी लागते. तो स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. प्रथिनाचा साधारण रेणू पाच-दहा नॅनोमीटरचा, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी चारशे ते सातशे नॅनोमीटर. अशी खूण म्हणून जवळपास चाळीस वर्षे वापरात असलेला पदार्थ म्हणजे सोने. वीस ते चाळीस नॅनोमीटर व्यासाचा सोन्याचा गोल कण रेणूला चिकटवायचा, त्याच्यावर प्रकाश सोडायचा आणि कणाकडून विखुरलेल्या प्रकाशाचा ठिपका कॅमेऱ्याने टिपत राहायचे. ठिपका जिथे सरकला तिथे रेणू सरकला असे धरायचे.

या कणाच्या आकाराची कल्पना सराफाच्या मापावरून येईल. गुंजभर सोने म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम. तेवढ्यातून चाळीस नॅनोमीटरचे जवळपास दोन कोटी कोटी कण निघतील. तरीही असा प्रत्येक कण सुमारे वीस लाख अणूंचा असतो, आणि ज्या प्रथिनाला तो बांधायचा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. खूण रेणूपेक्षा मोठी असणे ही या तंत्राची कायमची अडचण आहे. ती पत्करण्याचे कारण सोन्याच्या प्रकाशाशी असलेल्या नात्यात आहे.

धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बराच लहान असला की प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राबरोबर त्यातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एकदम इकडून तिकडे हेलकावतात. सोन्याच्या लहान गोल कणात हे हेलकावणे ५२० ते ५३० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशाला सर्वात जोराने साथ देते. हिरवा भाग कण शोषून घेतो आणि विखुरतो, म्हणून त्यातून पलीकडे जाणारा उजेड लाल दिसतो. मायकेल फॅरडे याने १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या अशा लाल द्रावणांवर व्याख्यान दिले आणि लाली सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येते असे मांडले. गुस्ताव मी याने १९०८ मध्ये त्याचे पूर्ण गणित मांडले. खेडोपाडी आशा कार्यकर्तीच्या पिशवीत असणाऱ्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीवर जी लालसर रेघ उमटते, ती अशा बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. तिथे लाखो कण एका ठिकाणी गोळा होऊन रेघ दिसते. संशोधकाला मात्र एकेकटा कण पाहायचा असतो.

खूण म्हणून चमकणारी रंगद्रव्येही वापरतात आणि त्यांचा वापर सोन्याहून कितीतरी जास्त आहे. रंगद्रव्याचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा, त्यामुळे तो रेणूच्या वाटेत येत नाही. पण तो प्रकाश शोषतो आणि मग सोडतो, आणि या घेण्यादेण्यात काही सेकंदांतच कायमचा विझतो. विझण्याआधीही तो मधूनच लुकलुकतो. शिवाय सेकंदाला तो ठरावीक संख्येपेक्षा जास्त फोटॉन देऊच शकत नाही. सोन्याचा कण प्रकाश नुसता विखुरतो. तो विझत नाही, लुकलुकत नाही, आणि लेसर वाढवला की तेवढ्या प्रमाणात जास्त प्रकाश परत देतो. म्हणून सेकंदाला हजारो चित्रे घेता येतात आणि तरीही प्रत्येक चित्रात पुरेसा उजेड उरतो. चांदी याहूनही जोराने प्रकाश विखुरते, पण ती क्षारयुक्त पाण्यात टिकत नाही आणि तिचे आयन पेशीला घातक ठरतात. सजीवांच्या कामात सोने पुढे राहिले ते यामुळे.

हे कण करायची सर्वात रुळलेली रीत जॉन तुर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडली. नांदेड, लातूर, परभणी किंवा हिंगोलीच्या एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतही करता येईल इतकी ती सोपी आहे. चंबू अम्लराजाने धुऊन घ्यायचा, कारण काचेला जुना कण किंवा धूळ चिकटलेली असेल तर सोने तिथेच साचू लागते. त्यात क्लोरोऑरिक आम्लाचे फिकट पिवळे, अतिविरल द्रावण उकळी येईपर्यंत तापवायचे. पन्नास मिलिलिटरसाठी अडीच मिलिग्रॅम सोने पुरते. उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट ओतले की आधी पिवळा रंग जातो, मग द्रावण करडे-निळसर, जवळजवळ शाईसारखे काळपट होते, आणि काही मिनिटांत ते गडद लाल होऊन स्थिरावते. पंधरा-वीस नॅनोमीटरचे कण तयार झालेले असतात. सायट्रेट त्यांच्यावर ऋण भाराचा थर चढवतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. याच द्रावणात चिमूटभर मीठ टाकले की भार झाकला जातो, कण एकत्र येतात आणि लाल द्रावण निळे-जांभळे होते. पेशीभोवतीचे पाणी खारटच असते. म्हणून उघडा सोन्याचा कण पेशीवर टाकून चालत नाही, त्याच्यावर आधी प्रथिनाचे किंवा दुसऱ्या एखाद्या रेणूचे संरक्षक वेष्टन चढवावे लागते.

महाराष्ट्रातले एक महत्त्वाचे काम याच टप्प्यावरचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने २००१ मध्ये बुरशीच्या मदतीने चांदीचे नॅनोकण केले. २००४ मध्ये शिव शंकर, बालाप्रसाद अंकमवार, अब्सार अहमद आदी सहकाऱ्यांसह त्यांनी ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात दाखवले की गवती चहाच्या अर्काने सोन्याच्या त्रिकोणी चकत्या तयार होतात. पुढे चिंचेच्या पाल्यानेही असे त्रिकोण मिळाले. परसातल्या वनस्पतीने सोन्याला इतका नेमका भौमितिक आकार द्यावा हे विलक्षण आहे, आणि त्या कामाने देशभरातल्या छोट्या प्रयोगशाळांना या विषयात शिरायची वाट मोकळी करून दिली. रेणूंच्या मागावर राहायच्या कामाला मात्र हे कण जसेच्या तसे चालत नाहीत. इथे कण गोल आणि एकसारखे हवेत. आकार थोडाही कमी-जास्त झाला तरी विखुरलेल्या प्रकाशात किती मोठा फरक पडतो, हे पुढे येईलच.

कण रेणूला बांधायच्या रीती दोन-तीन आहेत. गंधक असलेले रेणू सोन्याला घट्ट धरतात, म्हणून बांधायच्या रेणूच्या टोकाला गंधकाचा गट जोडतात. दुसरी रीत प्रतिपिंडांची: कणाभोवती प्रतिपिंड बसवायचे आणि ते पेशीपटलावरच्या ठरावीक प्रथिनाला शोधून धरतात. फॉक आणि टेलर यांनी १९७१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी असे सोने लावलेले प्रतिपिंड वापरले होते. ते नमुने मात्र निर्जीव असत. जिवंत पेशीवर साध्या प्रकाशात सोन्याचे कण हलताना पाहण्याची सुरुवात १९८० च्या दशकाच्या मध्यात बेल्जियममध्ये डी ब्राबांडर यांच्या गटाने केली. १९८९ मध्ये मायकेल शीट्झ आणि सहकाऱ्यांनी पेशीपटलातल्या प्रथिनांवर सोन्याची खूण लावून त्यांची हालचाल नॅनोमीटरच्या अचूकतेने मोजली.

नॅनोमीटरची अचूकता मिळते कशी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. विवर्तनामुळे कोणताही लहानात लहान बिंदू प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात सुमारे २०० ते २५० नॅनोमीटर रुंदीचा ठिपका होऊनच दिसतो. अर्न्स्ट आबे याने ही मर्यादा १८७३ मध्ये मांडली आणि कोणतेही भिंग ती ओलांडू शकत नाही. पण ही मर्यादा शेजारी असलेले दोन बिंदू वेगळे दिसण्याची आहे. आसपास दुसरा कण नाही हे ठाऊक असेल, तर त्या पसरट ठिपक्याचा मध्य कुठे आहे हे कितीतरी बारकाईने काढता येते. जितके फोटॉन जास्त तितका मध्य नेमका, आणि ही सुधारणा फोटॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाने होते. दहा हजार फोटॉन मिळाले तर मध्य ठिपक्याच्या रुंदीच्या शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे दोन-अडीच नॅनोमीटरपर्यंत, ठरवता येतो. सोन्याचा भरपूर उजेड इथे दुसऱ्यांदा कामी येतो. त्यातून वेग मिळतो आणि जागेची अचूकताही.

एकटा कण दिसावा म्हणून सर्वात जुना उपाय म्हणजे उजेड बाजूने सोडायचा, तो थेट भिंगात येऊ द्यायचा नाही. मग पार्श्वभूमी काळी राहते आणि फक्त विखुरलेला प्रकाश ठिपक्यांसारखा दिसतो. झीडेनटॉफ आणि झिगमाँडी यांनी १९०३ मध्ये याच तत्त्वावर अतिसूक्ष्मदर्शक बांधला आणि सोन्यामुळे लाल झालेल्या काचेतले कण पाहिले. झिगमाँडी यांना १९२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकीय प्रयोगशाळेत लेप्टोस्पायरासारखे बारीक जंतू पाहायला वापरतात ते काळ्या पार्श्वभूमीचे सूक्ष्मदर्शक याच घराण्यातले.

या रीतीची अडचण कणाच्या आकाराशी बांधलेली आहे. विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने बदलते. चाळीस नॅनोमीटरचा कण वीसचा केला तर उजेड निम्मा होत नाही, चौसष्टावा भाग उरतो. रेणूला लहान खूण हवी आणि कॅमेऱ्याला मोठी, या ओढाताणीतून वाट काढली ती व्यतिकरणाने. वाहिद संदोघदार यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलेल्या या तंत्रात काचेच्या पट्टीवरून परावर्तित झालेला थोडा लेसर प्रकाश मुद्दाम भिंगात येऊ देतात. कणाने विखुरलेली लहर त्या परावर्तित लहरीत मिसळते आणि दोघींच्या शिखर-दऱ्यांच्या मेळानुसार ठिपका गडद किंवा उजळ दिसतो. असे केले की संकेत व्यासाच्या तिसऱ्या घाताने बदलतो. व्यास निम्मा झाला तरी संकेत आठवा भाग उरतो. त्यामुळे पाच नॅनोमीटरपर्यंतचे सोन्याचे कण टिपता आले.

लेसरच्या दोन लहरी मिसळून अतिसूक्ष्म बदल पकडायच्या याच तत्त्वावर नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा चार-चार किलोमीटरच्या असतील. गुरुत्वीय लहर येऊन जाताना भुजेच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा हजारो पट कमी असतो, आणि तो शोधायचा दोन लहरींच्या मेळातल्या बदलातून. सूक्ष्मदर्शकातली भुजा काही मायक्रोमीटरची, प्रश्न वेगळा, पण विद्यार्थ्याने वर्गात शिकायचे प्रकाशाचे व्यतिकरण एकच. मराठवाड्यातल्या भौतिकशास्त्राच्या मुलामुलींना या विषयाचा इतका मोठा प्रयोग घराजवळ पाहायला मिळणार आहे, ही मोलाची गोष्ट आहे.

सोन्याच्या खुणेने जे दाखवले त्यात सर्वात उद्बोधक भाग पेशीपटलाचा आहे. लातूर पॅटर्नच्या शिकवणीत ‘नीट’ची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला सिंगर आणि निकोल्सन यांचे १९७२ चे प्रतिमान पाठ असते: पेशीपटल म्हणजे मेद रेणूंचा द्रवरूप दुहेरी थर आणि त्यात तरंगणारी प्रथिने. चित्र बरोबर आहे, पण त्यात एक मोठे कोडे राहून जाते. प्रयोगशाळेत केलेल्या कृत्रिम पटलात मेद रेणू जितक्या झपाट्याने पसरतात, त्याच्या पाच ते पन्नास पट सावकाश ते जिवंत पेशीच्या पटलात पसरतात. का, हे कळत नव्हते.

जपानमधल्या अकिहिरो कुसुमी यांच्या गटाने फॉस्फोलिपिड या एका मेद रेणूला चाळीस नॅनोमीटरचा सोन्याचा कण बांधला आणि सेकंदाला ४०,५०० चित्रे घेतली, म्हणजे दर २५ मायक्रोसेकंदांना एक. उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवरचा हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रेणू सुमारे २३० नॅनोमीटरच्या एका कप्प्यात भिरभिरत राहतो, सरासरी ११ मिलिसेकंदांनी उडी मारून शेजारच्या कप्प्यात जातो आणि तिथे पुन्हा भिरभिरतो, असे त्यांना दिसले. कप्प्याच्या आत त्याचा वेग कृत्रिम पटलातल्यासारखाच होता. जुन्या वाड्यात पोर जोरात पळत असते, पण दर खोलीच्या दाराशी त्याला अडावे लागते, म्हणून पुढच्या अंगणातून परसात पोचायला त्याला वेळ लागतो. पेशीतल्या भिंती पटलाच्या आतल्या बाजूला असलेल्या ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतुजालाच्या, आणि त्या जालाला खिळलेल्या प्रथिनांच्या. हे तंतू विस्कटले की कप्पे बदलतात, हेही त्याच अभ्यासात तपासले गेले.

साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रे असतात, म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांना एक. दोन चित्रांच्या मध्ये रेणू तीन कप्पे बदलून गेलेला असतो, आणि पाहणाऱ्याला दिसते ती फक्त संथ, निराकार भटकंती. डोळ्यासमोर असलेली रचना केवळ पाहण्याच्या वेगामुळे तीस वर्षे निसटत राहिली. अकरावी-बारावीच्या पुस्तकात पेशीपटलाच्या चित्राशेजारी हे कप्पेही यायला हवेत.

दुसरा भाग पेशीतल्या चालणाऱ्या प्रथिनांचा. कायनेसिन हे प्रथिन व्हेल, रीस आणि शीट्झ यांनी १९८५ मध्ये म्हाकुळाच्या चेतातंतूत शोधले. ते सूक्ष्मनलिकेवरून ओझे वाहून नेते. माणसाच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत मीटरभर लांबीच्या चेतापेशीत माल पोचवायचा तो अशाच प्रथिनांनी. १९९३ मध्ये स्वोबोडा, ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी लेसरच्या चिमट्यात सिलिकाचा मणी धरून दाखवले की कायनेसिन आठ-आठ नॅनोमीटरच्या पावलांनी चालते. एका पावलाला पेशीचे इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च होतो, हे पुढे स्पष्ट झाले. लेसरच्या याच चिमट्याने मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने उलट दिशेने ओढणाऱ्या डायनिन या प्रथिनाचा अभ्यास केला. एकटे असताना दुबळे असणारे डायनिन अनेकांनी मिळून ओढायला लागले की मोठा जोर लावते, हे त्यांनी २०१३ मध्ये ‘सेल’मध्ये मांडले. त्यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. या प्रयोगांतले मणी सोन्याच्या कणापेक्षा पुष्कळ मोठे असतात आणि ते अख्ख्या प्रथिनाची किंवा त्यांच्या तुकडीची चाल सांगतात.

पाय एकेक करून कसे उचलले जातात, हे पाहायला खूण एका पायालाच बांधावी लागते. चमकणाऱ्या रंगद्रव्याने २००४ मध्ये कायनेसिनचे दोन पाय आळीपाळीने पुढे जातात हे दिसले, पण त्यासाठी एटीपी अगदी कमी ठेवून प्रथिनाला मंद करावे लागले. एरवी ते सेकंदाला शंभराच्या घरात पावले टाकते. अमेरिकेत विल्यम हँकॉक यांच्या गटाने २०१५ मध्ये आणि जपानमध्ये मिचिओ तोमिशिगे यांच्या गटाने २०१६ मध्ये एका पायाला तीस-चाळीस नॅनोमीटरचा सोन्याचा कण बांधून हे प्रथिन नेहमीच्या चालीने चालत असतानाच पाहिले. जपानी गटाची चित्रे ५५ मायक्रोसेकंदांच्या अंतराने होती. एक पाय सोळा नॅनोमीटर पुढे जातो, पण जाताना तो मध्ये काही काळ अधांतरी असतो आणि त्या काळात पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी सैरभैर हलतो. सूक्ष्मनलिकेवरची पुढची जागा त्याला त्या हेलकाव्यातच सापडते.

तिसरे उदाहरण एटीपी तयार करणाऱ्या यंत्राचे. या प्रथिनाचा मधला दांडा फिरतो हे बॉयर यांनी सुचवले होते आणि वॉकर यांच्या रचनाचित्राने त्याला आधार मिळाला. दोघांना १९९७ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी जपानमध्ये नोजी, योशिदा, किनोशिता आणि सहकाऱ्यांनी दांड्याला ॲक्टिनचा लांब तंतू बांधून ते फिरणे प्रत्यक्ष दाखवले. लांब तंतूला पाण्याचा विरोध इतका की यंत्राचा खरा वेग दिसेना. २००१ मध्ये यासुदा आणि सहकाऱ्यांनी तंतूच्या जागी चाळीस नॅनोमीटरचा सोन्याचा कण लावला आणि सेकंदाला ८,००० चित्रे घेतली. दांडा सेकंदाला सुमारे १३० फेरे घेत होता, प्रत्येक फेरा १२० अंशांच्या तीन टप्प्यांत होत होता, आणि प्रत्येक टप्पाही दोन तुकड्यांत मोडत होता. पहिला तुकडा एटीपी येऊन बसल्यावर, दुसरा त्याच्या विघटनानंतरच्या घडामोडींनी. तुकड्यांची मापे सुरुवातीला ९० आणि ३० अंश सांगितली गेली. पुढच्या मोजणीत ती ८० आणि ४० ठरली.

या सगळ्यात कणाचे म्हणणे खरे मानायचे किती, हे प्रत्येक प्रयोगात तपासावे लागते. प्रतिपिंड लावलेला कण एकाच वेळी दोन-तीन रेणूंना धरू शकतो, आणि मग जखडलेल्या रेणूंची मंद चाल एका रेणूची म्हणून मोजली जाते. त्यावर उपाय म्हणून कणावर प्रतिपिंडांचे तुकडे अगदी विरळ लावतात आणि तोच रेणू लहान रंगद्रव्याने खुणावून सावकाश चित्रीकरणात दोन्हींची चाल जुळते का ते पाहतात. कुसुमींच्या निष्कर्षाला वजन आले त्यात या पडताळणीचा वाटा मोठा आहे. दुसरी बाब पाण्याच्या विरोधाची. चाळीस नॅनोमीटरचा कण मोकळ्या पाण्यात एका मिलिसेकंदात धक्के खात सुमारे २२० नॅनोमीटर भरकटतो. ज्या रेणूची स्वतःची भटकंती याहून वेगवान असेल, त्याला हा कण मागे ओढणार. तिसरी उष्णतेची: सोने प्रकाश विखुरते तसे शोषतेही, आणि लेसर वाढवत गेले तर कणाभोवतीचे पाणी तापते. फ्रान्समध्ये लुनिस आणि ऑरी यांच्या गटाने २००२ मध्ये या तापण्याचाच संकेत म्हणून उपयोग केला, पण जिवंत पेशीवर ही उष्णता हिशेबात धरावीच लागते.

पेशीच्या आत काम आणखी अवघड आहे. आत तंतुकणिका, मेदाचे थेंब, पुटिका सगळेच प्रकाश विखुरतात, आणि त्या गर्दीत वीस नॅनोमीटरचा कण हरवतो. शिवाय आत सोडलेला कण बहुतेकदा पुटिकेत बंद होऊन बसतो. म्हणूनच आजवरचे सर्वात नेमके निष्कर्ष पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचे किंवा काचेवर मांडलेल्या शुद्ध प्रथिनांचे आहेत.

अलीकडे व्यतिकरणाचे तंत्र इतके सुधारले आहे की खूण न लावताही एकेक प्रथिन दिसू लागले. संदोघदार यांच्या गटाने २०१४ मध्ये ते दाखवले, आणि ऑक्सफर्डमध्ये फिलिप कुकुरा यांच्या गटाने २०१८ मध्ये विखुरलेल्या प्रकाशावरून प्रथिनाचे वस्तुमान मोजून दाखवले. मात्र उघड्या प्रथिनाचा संकेत फार क्षीण असतो. तो गोंगाटातून वर काढायला अनेक चित्रांची सरासरी घ्यावी लागते, आणि प्रथिन तेवढा वेळ काचेवर बसून असावे लागते. मायक्रोसेकंदांत घडणारी उडी किंवा पायाचा हेलकावा पाहायचा असेल तर अजूनही सोन्याचा कणच लागतो, आणि सध्याचा प्रयत्न तो वीस नॅनोमीटरच्या खाली आणून रेणूवरचा भार कमी करण्याचा आहे.